पुडीवर न लिहिलेलं

मिलिंदभाऊंचा फोन आला तेव्हा मी कचेरीत डबा उघडत होते. माझी मैत्रीण यशोधरा हिचे ते यजमान, विजेच्या खात्यात लाइनमन, आणि त्या आठवड्यात त्यांची ड्युटी मारेगावकडं होती. आमचं बोलणं एरवी तिच्यामार्फतच व्हायचं. त्यामुळं मोबाइलवर त्यांचं नाव पाहिलं आणि मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. ते म्हणाले, "ताई, यशोले यवतमाळले आणून राह्यले. शाळेत काहीतरी खाण्यात आलं. मी निघालो, पण मले वेळ लागन. तुम्ही जवळ आहा. डॉक्टरले फक्त एवढंच सांगा... शेंगदाणे."

दवाखाना माझ्या कचेरीपासून चालत जाण्यासारखा. मी धावतच गेले. दिवस कपाशीवरच्या फवारणीचे होते. व्हरांड्यात विषबाधा झालेली माणसं ओळीनं निजलेली, कुणाच्या डोळ्यांवर ओली फडकी, कुणाचे हातपाय घरच्यांनी धरून ठेवलेले. त्यांच्यातून वाट काढत दिसेल त्या पांढऱ्या कोटाला मी सांगत होते की बाभुळगावकडच्या मॅडमना आणलंय, त्यांना शेंगदाणा चालत नाही. एका सिस्टरनं माझं कोपर धरून मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "ताई, कोणतं औषध होतं? बाटली आणली का कोणी?" मला काही उमजेना. यशोच्या ॲलर्जीच्या गोळ्यांबद्दल विचारताहेत असं वाटून मी म्हटलं, तिच्या पर्समध्ये असतील. सिस्टर माझ्याकडं बघत राहिली. मग भिंतीला टेकून उभे असलेले वानखडे सर दिसले, यशोच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. शर्टावर खडूची पूड तशीच, आणि हातात यशोच्या चपला. त्या चपला पाहिल्या आणि मग मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

याला आता काही आठवडे झाले. अजून सकाळी उठल्यावर पहिले काही क्षण मला हे माहीत नसतं, आणि मग आठवतं. शेंगदाण्यानं माणूस जातं असं ज्यांना ज्यांना सांगितलं, ते माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की जणू मी मैत्रिणीचं काहीतरी झाकते आहे. म्हणून ती कोण होती आणि तिचं काय झालं, ते एकदा नीट सांगायचं आहे.

आम्ही भेटलो अमरावतीला, कॉलेजच्या वसतिगृहात. ती बाभुळगावची, मी यवतमाळची. एकाच एसटीनं येणाऱ्या म्हणून आम्हाला एकच खोली मिळाली. चतुर्थीच्या सकाळी मेसमध्ये सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी असायची. यशो ताट घेऊन रांगेत उभी राहिली आणि तिनं स्वयंपाकीणबाईंना विचारलं, "बाई, यात दाणे हायेत का?" बाई खदखदून हसल्या. साबुदाण्यात दाणे नाही त काय असन, म्हणाल्या, आणि सगळी रांग हसली. यशोही हसली, पण रिकामं ताट घेऊन परत आली आणि खोलीत जाऊन पोळी-गूळ खाल्ला. तेव्हा तिनं मला सांगितलं. ती लहान असताना तिच्या आजीनं कौतुकानं दाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला होता. अर्धाही संपला नाही तोच तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, अंग निळं पडलं. आजीनं दृष्ट काढली. वडिलांनी मात्र मुलीला सायकलवर घालून दवाखाना गाठला आणि त्या दिवसापासून घरात शेंगदाणा आला नाही. आमच्या वऱ्हाडात भाजीत दाण्याचा कूट, चटणीत दाणे, फोडणीला दाण्याचं तेल. अशा मुलखात ही मुलगी प्रत्येक ताटाला एक प्रश्न विचारत मोठी झाली. कुणी नखरे म्हणालं, कुणी म्हणालं भूक लागली की सगळं गोड लागतं. ती चिडायची नाही. फक्त उत्तर मिळेपर्यंत हात लावायची नाही.

पहिल्यांदा ती आमच्या घरी जेवायला आली, तो प्रसंग मला फार आठवतो. आमचं घर कोर्टकचेरीच्या नोकऱ्यांतलं, सोवळं मोडलेलं पण त्याची सवय पुरती न गेलेली. यशोच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. आईनं तिला प्रेमानंच वाढलं. यशोनं नेहमीप्रमाणं विचारलं की काकू, भाजीत काय काय आहे? आईचा चेहरा उतरला. आत येऊन ती मला म्हणाली, "आपल्या घरचं खायला हिला चौकशी लागते?" पिढ्यान् पिढ्या जी चौकशी आमच्या घरांनी दुसऱ्यांची केली, ती कुणी आमची करू शकतं हे तिच्या कधी ध्यानीमनीच आलं नव्हतं. मी तिला दाण्याचं सगळं समजावलं.

पुढच्या सुट्टीत यशो पुन्हा आली. आईनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कोपऱ्यातल्या फळीकडं बोट दाखवून म्हणाली, "ही बघ, तुझी वेगळी कढई. पळी पण वेगळी. याला घरातलं कुणी हात लावत नाही." यशो जागच्या जागी थिजली. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझ्याही अंगावर काटा आला. वेगळं भांडं म्हणजे काय, ते तिच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तिनं हातातला पेला हळूच ओट्यावर ठेवला. आईला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती बिचारी मटकन पाटावर बसली. "अगं, तसं नाही गं... दाण्याच्या तेलाची कढई आहे ना आमची, कितीही घासली तरी वास राहतो. तुला त्रास नको म्हणून बाजारातून नवी आणली." यशो तिच्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "काकू," ती म्हणाली, "वेगळं भांडं पाहून बरं वाटणारी आमच्या घरातली मी पहिलीच असन." त्यानंतर आईला माझ्यापेक्षा तीच जास्त फोन करायची.

शिकून झाल्यावर यशोला बाभुळगावजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, मिलिंदभाऊंशी लग्न झालं, आणि मिलिंदभाऊंनी त्याच दिवशी शेंगदाणे सोडले. गाडीवरची भेळ नाही, डब्यातली चटणी नाही. घराबाहेर खायला काय हरकत आहे, असं मी एकदा म्हटलं, तर ते म्हणाले, मी घरी येऊन तिच्याच पेल्यानं पाणी पितो ना.

दुकानात यशोबरोबर जाणं म्हणजे अर्धा दिवस. प्रत्येक पाकीट ती आधी पालथं करायची. पुढच्या बाजूला कंपनीला काय वाटतं ते लिहिलेलं असतं, म्हणायची, आपल्या कामाचं मागच्या बाजूला असतं. शाळेतही तिनं हा धडा सुरू केला, पुस्तकात नसलेला. मुलींनी घरून खाण्याच्या पदार्थाचं एक रिकामं पाकीट आणायचं आणि ते वाचायचं. पदार्थाचं नाव काय, वजन किती, कुणी बनवलं, त्याचा पुरा पत्ता आहे का, कधी बनवलं, कधीपर्यंत खावं, हिरवा ठिपका आहे की तांबूस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत काय काय घातलंय. हे घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. बहुतेक मजकूर इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. मुली अक्षर अक्षर लावून वाचायच्या. आंब्याच्या सरबताच्या पाकिटावर पहिलं पाणी निघालं, मग साखर, आणि एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, आंबा त शेपटीले हाये." हे यशोनं मला इतक्यांदा सांगितलं, आणि दर वेळी ती तितकीच हसली.

पण त्याच धड्यात एकदा ती हादरली होती. सविता नावाची एक मुलगी, सहावी-सातवीतली. आईबाप दुसऱ्यांच्या शेतात कामाला. तिनं पाकिटाऐवजी एक बाटली आणली होती. कपाशीवर मारायच्या औषधाची. वरच्या कागदावर चौकोन आणि त्यात हिरवा त्रिकोण. यशोनं विचारलं, हे कशाला आणलंस? सविता म्हणाली, "घरी दुसरं लिहेल काहीच नाही, मॅडम. अन् यावर हिरवं हाये. म्हंजे शाकाहारी ना?" वर्ग हसला नाही, कारण निम्म्या मुलींनाही तसंच वाटलं होतं. बाटली तेलकट लागली म्हणून यशोनं आणखी विचारलं, तर त्या घरी तिच्यात गोडं तेल ठेवत होते. यशो त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. सविताची आई ओशाळून म्हणाली की चांगली राख लावून धुतली व्हती जी, तीनदा. यशोनं तेल ओतायला लावलं, आपल्या घरचा स्टीलचा डबा नेऊन दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून धडा बदलला. फळ्यावर एका बाजूला खाण्याचा हिरवा ठिपका, दुसऱ्या बाजूला विषाचे त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे कमी विष, विष नाही असं नव्हे, हे प्रत्येक मुलीकडून ती म्हणवून घ्यायची. कापसाची ती वाईट वर्षं होती. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात असल्या बाटल्या होत्या, आणि त्या फक्त कपाशीसाठीच वापरल्या जात नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिक्षकदिनाला मुली तिला फुलं आणायच्या. या वर्षी सविता, आता दहावीतली, हातात एक छोटी पुडी घेऊन आली. तीळपट्टी. सुट्टीच्या दिवशी निंदणाला जाऊन मिळालेल्या मजुरीतून तिनं ती मॅडमसाठी घेतली होती. वानखडे सर तिथंच होते, त्यांनी मला हे सगळं नंतर सांगितलं. यशोनं सवयीनं पुडी पालथी केली. मागं फक्त नाव, किंमत, तारीख. एवढ्याशा पुडीवर घटक लिहायची सक्ती नाही, कायद्याची तशी सूट आहे, ते बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असतात. यशोला हे ठाऊक होतं, तिनंच मुलींना शिकवलं होतं. पण ही कंपनी तिच्या ओळखीची होती. याच नावाचं, याच चित्राचं मोठं पाकीट तिच्या घरी नेहमी यायचं, आणि त्यावर तीळ, साखर, गूळ याखेरीज काही नसायचं. आणि समोर सविता उभी होती, मॅडम खातात का ते बघत. यशोनं पुडी फोडली, एक तुकडा सविताच्या हातावर ठेवला, आणि एक आपण खाल्ला.

तिला लगेच कळलं असावं. सर म्हणाले, मॅडम काही न बोलता उठल्या, पर्समधून गोळ्या काढून घेतल्या, पाणी प्यायल्या, आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या. मग त्यांचा आवाज गेला. सरांनी जीप मिळवली, रस्त्यातला पहिला दवाखाना गाठला. घसा बंद होत आला की गोळ्यांनी भागत नाही, एक इंजेक्शन लागतं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी यशोला आणि मिलिंदभाऊंना बजावून ठेवलं होतं. सरांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. दवाखान्यात गर्दी होती, फवारणीतले रोगी एकामागून एक येत होते. दारातच कुणीतरी विचारलं, काय झालं? सर घाईत खरं तेच बोलले... "मॅडमनं औषध घेतलं."

गोळी घेतली, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आमच्या जिल्ह्यात या वर्षांत 'औषध घेतलं' याचा एकच अर्थ उरला आहे. तोंडाशी फेस, श्वास कोंडलेला, बोलता न येणारी बाई, आणि सोबतच्या माणसाचे हे शब्द. पुढचं सगळं त्या एका अर्थानं झालं. नाकातून नळी घातली, पोट धुतलं, विषावरची इंजेक्शनं दिली. सर नंतर म्हणत राहिले की तसं नाही, त्यांनी तीळपट्टी खाल्ली. पण पोलिसांच्या भीतीनं नातेवाईक रोजच काहीबाही सांगतात. कुणी ऐकून घेतलं नाही, आणि मी त्यांना दोष तरी काय देऊ? तिथून यवतमाळला आणेपर्यंत ती गेली होती. सर मला म्हणाले, "ताई, मी गणिताचा माणूस. मले एक शब्द सरळ बोलता आला नाही." मी त्यांच्या हातातून चपला घेतल्या.

त्यानंतरचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतात. गावात बातमी आमच्या आधी पोहोचली होती की मॅडमनं औषध घेतलं. घरी आलेल्या बायका यशोच्या आईला कुरवाळत विचारत, काय दुःख होतं पोरीला? कुठल्याशा वार्ताहराचा मिलिंदभाऊंना फोन आला. त्यानं आधी विचारलं शेती किती, मग विचारलं कर्ज होतं का. मिलिंदभाऊ शांतपणे म्हणाले की शेती नाही, कर्ज नाही, ती तीळपट्टी खाऊन गेली. पलीकडून फोन ठेवला गेला. शवविच्छेदनात विष सापडलं नाही, घसा आतून सुजून बंद झालेला होता. ते कागदावर आलं, पण गावातली बातमी काही परत फिरली नाही.

सवितानं पुडी घेतली होती, त्या गावातल्या दुकानात मी गेले. दुकानदार घाबरला होता. मी काही भांडायला आले नाही, म्हटलं, फक्त खोकं दाखवा. त्यानं ते वरच्या फळीवरून काढलं. मोठ्या पाकिटासारखंच चित्र, तेच नाव. मजकूर होता त्या बाजूला, जी भिंतीकडं होती. बारीक इंग्रजी अक्षरं. साखर, मग शेंगदाणा, मग तीळ. एक रुपयाला परवडावी म्हणून छोट्या पुडीची कृती वेगळी केली असेल. कुणी कायदा मोडला नव्हता. सगळं लिहिलेलं होतं. मी त्या खोक्याकडं किती वेळ बघत राहिले कोण जाणे. दुकानदारानं शेवटी स्टूल आणून दिलं.

सविता शाळेत येईनाशी झाली होती. आपणच मॅडमना मारलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि ती जेवत नव्हती. एक दिवस मी बाभुळगावला मिलिंदभाऊंकडं असताना तिची आई दारात येऊन उभी राहिली, पण आत यायला तयार होईना. मिलिंदभाऊंनी चप्पल घातली आणि मला म्हणाले, ताई, चला. मला वाटलं होतं की त्यांना त्या मुलीचं तोंड बघवणार नाही. सविता आपल्या घराच्या मागं, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. मिलिंदभाऊ तिच्यासमोर मातीत बसले. मग ती हुंदका देत म्हणाली, "मॅडमनं मले वाचाले शिकवलं होतं, अन् मी वाचलं नाही."

"काय वाचशीन?" मिलिंदभाऊ म्हणाले. "त्याच्यावर लिहेलच नव्हतं, बाई. मॅडमलेही दिसलं नाही, त तुले कसं दिसन?" ती रडत राहिली. "तू तिच्यासाठी आणलं, तिनं तुह्यासाठी खाल्लं. याच्यात कोनाचं चुकलं ते मलेही समजून नाही राह्यलं. पण तुह्यं नाही. सोमवारी शाळेत जा." एवढंच बोलून ते उठले. परतताना मोटारसायकल त्यांनी दोनदा थांबवली, उतरून शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले, कपाशीकडं बघत. मी मागं बसूनच राहिले. सविता सोमवारी गेली नाही. त्यानंतरच्या सोमवारी गेली, असं वानखडे सरांनी कळवलं. सर आता तिला शाळेतून घरापर्यंत सोडतात.

गेल्या रविवारी मी आणि आई बाभुळगावला गेलो होतो. मिलिंदभाऊंनी चहा केला. आम्ही तिघं समोरच्या खोलीत बसलो होतो. एवढ्यात फाटकाची कडी वाजली. शेजारच्या राऊतकाकू वांग्याच्या भाजीची झाकलेली वाटी घेऊन आल्या होत्या. त्या वाटी माझ्या हातात देणार, तोच थांबल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "दाणे नाही टाकले बरं यात, जवसाचा कूट हाये."

मग त्यांना आठवलं. वाटी तशीच त्यांच्या हातात राहिली. आईनं तोंडाला पदर लावला. मिलिंदभाऊ उठून आले, काकूंच्या हातातून वाटी घेतली, "बरं केलं, काकू," म्हणाले, आणि ती स्वयंपाकघरात ठेवायला गेले.